दोनदा पिळलेलं फडकं

“थांबवा! हवा सोडा आत!” हर्डीकर मॅडम ओरडल्या आणि निर्वात टाकीत हवा शिरल्याचा तो मोठा फुसफुसाट सुरू झाला.

गोल काचेतून मला मृण्मयीचा चेहरा दिसत होता. बिटासारखा लालभडक. चालायच्या पट्ट्यावर ती उभी होती, दोन्ही हातांनी कठडा धरून. बावीस मिनिटं झाली होती. खरं तर तिला तासभर चालायचं होतं.

दार उघडल्याबरोबर आम्ही आत धावलो. शिरस्त्राण काढलं तशी ती म्हणाली, “ताई, आत भट्टी आहे भट्टी.” सह्याद्रीतले कडे भर मे महिन्यात चढणारी पोरगी ती, मृण्मयी ढमाले. कधी कुरकुर न करणारी. तिला बाहेर नेऊन पंख्याखाली बसवलं. मी माझ्या कामाला लागले.

माझं काम म्हणजे बंडी. अवकाशातल्या पोशाखाच्या आत, अगदी अंगालगत एक ताणणाऱ्या कापडाची बंडी असते, गळ्यापासून घोट्यापर्यंत. तिच्यात बारीक नळ्या शिवलेल्या असतात, एकूण चौऱ्याऐंशी मीटर. नळ्यांतून गार पाणी फिरतं, अंगाची उष्णता उचलतं आणि पाठीवरच्या पेटीत जाऊन पुन्हा गार होऊन येतं. पोशाख पूर्ण बंद असतो ना, घाम वाळायला जागाच नाही. पाणी फिरलं नाही तर माणूस स्वतःच्याच उष्णतेनं शिजेल. ही बंडी मी शिवायची. मी, कुंदा तायडे, मूळची अकोल्याची, शिक्षण बारावी आणि शिवणकामाचा डिप्लोमा.

बंडी काढली की ती लगेच सपाट पसरायची, नाहीतर नळ्यांना मोड पडते. मी टाकीतच चादर अंथरायला गेले तर खाली ओलं. पट्ट्याच्या मागच्या बाजूला चांगलं थारोळं साचलेलं. “काय बाप्पा पसारा,” म्हणत मी खांद्यावरचं फडकं काढलं, पुसलं, दारातल्या बादलीत पिळलं, परत पुसलं, परत पिळलं. मग चादर, मग चादरीवर बंडी. त्या धावपळीत कोणाचं लक्ष नव्हतं, आणि माझंही नव्हतं. प्यायचं पाणी सांडलं असेल, एवढंच डोक्यात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक. आमचं केंद्र पुण्याबाहेर, पिरंगुटच्याही पुढे, माळावर. बैठकीला फारसं कोणी नसायचं. प्रमुख हर्डीकर मॅडम, पाठीवरची पेटी बनवणारे आगाशे सर, आणि पोशाख शिवणारी मी. आगाशे सरांचं नाव प्रसन्न, पण बैठकीत ते प्रसन्न असल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

“सरळ हिशेब आहे,” ते म्हणाले. “महिन्यापूर्वी हाच पोशाख पूर्ण निर्वातात चालला. चंद्रावर असते तशी परिस्थिती. तासभर. मृण्मयीला काही झालं नाही. काल मंगळासारखी हवा ठेवली आणि बावीस मिनिटांत तापला. मधल्या काळात बदललं काय? बंडी. खांद्यात घट्ट होते म्हणून कुंदाताईंनी उसवून परत शिवली.”

“आणि हवा बदलली,” मी म्हटलं.

“हवा?” ते हसले. “आपल्या हवेच्या शंभराव्या भागाइतकीही नाही हो ती. नावाला हवा. जे पूर्ण निर्वातात पास होतं ते तिथेही होणारच. मी कागदावर करून पाहिलंय.”

“पाटी चालत नसेल तर?”

पाटी म्हणजे त्यांच्या पेटीचा जीव. बारीक छिद्रांचा धातूचा पत्रा. त्याच्यामागे पाणी सोडायचं. बाहेर निर्वात असल्यामुळे पाणी छिद्रातच गोठतं, आणि त्या बर्फाची तिथल्या तिथे वाफ होऊन जाते. जाताना उष्णता घेऊन जाते. बर्फ संपला की मागचं पाणी पुढे येऊन गोठतं. आम्ही तिला बर्फपाटीच म्हणायचो. आगाशे सरांनी तीन वर्षं खपून बनवलेली.

“पाटी चालली,” त्यांनी कागद पुढे सरकवला. “तापमानाची तार तुटली होती काल, कबूल. पण वजन बोलतं. पेटीतलं पाणी दोनशे चाळीस ग्रॅमनी कमी झालंय. बावीस मिनिटांत जेवढी वाफ व्हायला हवी, बरोबर तेवढंच. पाण्याची वाफ झाली म्हणजे पाटीनं तिचं काम केलं. गारवा तयार झाला, पण अंगापर्यंत पोचला नाही. मधे कोण आहे? बंडी.”

पाणी खरंच कमी झालं होतं. वजनकाट्याशी भांडता येत नाही.

हर्डीकर मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “कुंदा, पुढच्या शुक्रवारी समिती येतेय. त्यांच्यासमोर चाचणी करायची आहे. आठ दिवस आहेत. बंडी बाहेरच्या कंपनीकडून मागवावी असं सरांचं म्हणणं आहे.”

“आणि शिवणघर?”

“मग शिवणघराची गरज उरत नाही.”

अहवालाचा छापील तक्ता आगाशे सरांच्या समोरच होता. ‘बिघाडाचे कारण’ या रकान्यात त्यांनी लिहिलेलं मला उलटंही वाचता आलं. शिवणकाम.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले. “मॅडम, वीस वर्षं शिवतेय मी. माझ्या शिवणीनं जर त्या पोरीचा जीव टांगणीला लागला असेल ना, तर कंपनीबिंपनी राहू द्या, मीच सुई खाली ठेवीन. पण आधी दाखवा कुठे चुकलंय ते.” आणि दार आपटून निघाले. आपटायला नको होतं, पण आपटलं.

दोन दिवस मी ती बंडी इंचाइंचानं तपासली. प्रत्येक नळीत फुंकर मारली, पाणी सोडलं, घड्याळ लावून मोजलं. कुठे अडथळा नाही, कुठे मोड नाही. घेऊन गेले आगाशे सरांकडे. ते म्हणाले, “टेबलावर ठीकच असणार. अंगात घातल्यावर खांदा वळला की नळी दबत असेल.” आता अंगात घातल्यावर पोशाखाच्या आत बघणार कोण? त्यांचंही तसं चूक नव्हतं, म्हणून तर जास्त राग येत होता.

शनिवारी दुपारी मी शिवणघरात नुसती बसून होते. माझी जोडीदारीण शकिलाआपा इस्त्री तापवत होती. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, तोंडानं तिखट.

“माझं फडकं कुठंय गं?” तिनं विचारलं. “इस्त्रीखाली घ्यायचं, पिवळं मलमलीचं. बुधवारी तुझ्या खांद्यावर होतं.”

“ते काय, दोरीवर.”

तिनं दोरीवरून ओढलं आणि डोळ्यांपुढे धरलं. “हाय अल्ला! याचं काय केलंस? फरशी पुसलीस होय गं माझ्या फडक्यानं?”

“टाकीत पाणी सांडलं होतं आपा. घाईत पुसलं.”

“घाईत! नुसतं पुसलं नाहीस, पिळ पिळ पिळलंयस. बघ, काठ फाटलाय.”

“दोनदाच तर पिळलं…” मी म्हटलं, आणि तिथेच थांबले.

दोनदा पिळलं. त्या फडक्याची कुवत मला ठाऊक. दोनदा भिजून निथळलं म्हणजे मोठा पेलाभर पाणी. एवढं पाणी टाकीत आलं कुठून?

लगेच मृण्मयीला फोन लावला. “काय गं, बुधवारी पोशाखातली पाण्याची पिशवी सांडली होती का?”

“कुठली सांडतेय ताई! पहिल्या दहा मिनिटांत सगळी पिऊन टाकली मी. काऊन?” ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हणत माझ्या वऱ्हाडीची नक्कल करायची तिला सवय होती.

“घाम?”

“घाम पोशाखाच्या आत. बाहेर कसा येईल?”

मी फोन ठेवला. आपा इस्त्री हातात धरून माझ्याकडे बघत होती. “झालं काय तुला? पांढरी पडलीस.”

“आपा, पाण्याची वाफ झालीच नाही. ते खाली पडलं. आणि मीच ते पुसून टाकलं.”

अकोल्यात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे वाळ्याचा कूलर घरघरतो. त्यात पाण्याचा गारवा नसतो, पाणी हवेत उडून जातं त्याचा गारवा असतो. कोरड्या उन्हात पाणी उडतं, खोली गारेगार. जुलैत तोच कूलर, तेच पाणी, आणि खोलीत नुसता दमटपणा, कारण हवा पाणी घेत नाही. माझे अण्णा कूलर दुरुस्त करायचे. टाकी गळत असली की ते चिडायचे ते फरशी ओली होते म्हणून नाही. खाली पडलं ते पाणी वाया गेलं, म्हणायचे, त्यानं गारव्याचं काम केलंच नाही.

मी तशीच आगाशे सरांच्या खोलीत गेले. शनिवार असूनही ते होतेच. घरी ते कधी जात कोण जाणे.

“सर, तुमचं दोनशे चाळीस ग्रॅम पाणी सापडलं.”

“कुठे?”

“आपाच्या फडक्यात.”

सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग चष्मा काढून पुसत बसले. “कुंदाताई, तुमची अडचण मी समजू शकतो. पण आता फडकं वाळलंय. बादली ओतलीय. याला पुरावा म्हणत नाहीत.”

“मग पुरावा करू.”

“म्हणजे?”

“परत चालवा. माणूस नको आत, गरम पाणी फिरवा नुसतं, माणसाइतकं. आणि पेटीच्या खाली परात ठेवा.”

“परात?”

“परात. कणीक मळायची. भोजनगृहातून मी आणते.”

ते ‘नाही’ म्हणणार हे दिसत होतं, पण दारात हर्डीकर मॅडम उभ्या होत्या. किती वेळ ऐकत होत्या कोण जाणे. “सोमवारी सकाळी दहाला,” त्या म्हणाल्या. “प्रसन्न, परातीला मी परवानगी दिलीय असं लिही.”

सोमवारी दहाला पेटी टाकीत टांगली, खाली परात. दार बंद. पंप सुरू झाले, हवा उपसली आणि मंगळाच्या दाबावर आणून थांबवली. पेटी या वेळी मुद्दाम काचेकडे तोंड करून टांगली होती. बुधवारी ती मृण्मयीच्या पाठीवर, पलीकडच्या भिंतीकडे होती आणि आम्ही सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, म्हणून कोणालाच काही दिसलं नव्हतं.

पाचव्या मिनिटाला पाटी ओली दिसायला लागली. बर्फ नाही, नुसती ओल. तिच्यावर बुडबुडे तडतडायला लागले, पाणी इकडेतिकडे उडायला लागलं. मग खालच्या काठाशी थेंब धरला, लोंबला आणि पडला. एवढ्या विरळ हवेत आवाज कुठला यायला. पण मी सांगते, मला तो टप्पकन ऐकू आला.

मग दुसरा. मग धारच लागली.

आगाशे सर काचेला नाक लावून उभे होते. मागे वळून त्यांनी बघितलंही नाही. बावीस मिनिटांनी दार उघडलं, परात बाहेर काढली, काट्यावर ठेवली. पेटीतून गेलेलं पाणी दोनशे चाळीस ग्रॅम. परातीत सापडलेलं एकशे शहाऐंशी.

“बर्फ धरतच नाहीये,” मॅडम हळूच म्हणाल्या. “ती नावाला असलेली हवा. तेवढी हवासुद्धा पाण्याला गोठू देत नाही. बर्फाचं बूच नाही, म्हणून छिद्रं उघडी. पाण्याची वाफ व्हायच्या आधीच ते निसटतंय.”

आगाशे सर बाहेर गेले. मला काय वाटलं म्हणून सांगू? आनंद वाटला. चांगला घसघशीत आनंद. मी शिवणघरात जाऊन आपाला मिठी मारली, आपानं मला चहा पाजला, फडकं नवं घेऊन देण्याचं वचन घेतलं. माझी शिवण सुटली होती आरोपातून!

मग भांडी ठेवायला जाताना जिन्यात आगाशे सर दिसले. पायरीवर बसलेले, एवढा मोठा माणूस, पाय पोटाशी घेऊन.

“सर?”

“तुम्ही सुटलात कुंदाताई,” ते म्हणाले. “पण पोशाख मेला. शुक्रवारी समिती मंगळाचीच चाचणी बघणार. ती झाली नाही तर सगळाच प्रकल्प दुसऱ्या केंद्राकडे. शिवणघर, पेटी, सगळं. आणि नवी पाटी करायला मला दोन वर्षं लागतील.” मग म्हणाले, “तुमच्यावर खापर फोडलं मी. माफ करा.”

मला वाटलं होतं, हे वाक्य ऐकलं की मन गार होईल. झालं नाही. उलट गलबलून आलं. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले, कपबशी मांडीवर.

“सर, पाटीला हवंय काय? पाणी आत राहावं आणि वाफ तेवढी बाहेर जावी, एवढंच ना?”

“एवढंच.”

“मग त्याला बर्फच काऊन पाहिजे?”

त्यांनी मान वर केली.

इथे येण्याआधी मी आठ वर्षं एका कारखान्यात गिर्यारोहकांची जाकिटं शिवत होते. त्या जाकिटांचं कापड वेगळं असतं. आतून एक पातळ पापुद्रा लावलेला, त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. बाहेरून पाऊस आत येत नाही, पण घामाची वाफ आरपार निघून जाते. म्हणून तर ते कापड महाग. त्या पापुद्र्याच्या शिल्लक ताग्यातले दहा-बारा मीटर माझ्या कपाटात तेव्हाही पडून होते. शिवणारी बाई तुकडे फेकत नाही.

“चला,” मी म्हटलं, आणि एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला बखोटीला धरून शिवणघरात नेलं. स्टीलच्या पेल्यात चहाचं उरलेलं गरम पाणी घेतलं, तोंडावर तो पापुद्रा ताणून दोऱ्यानं बांधला आणि पेला उलटा केला. थेंब पडला नाही. आपानं खाली गार ताटली धरली. काही वेळात ताटलीवर धुकं धरलं.

आगाशे सरांनी ताटलीवर बोट फिरवलं. बोटाला ओल लागली. त्यांनी पेला हातात घेतला, हलवला, कानाशी नेला, पुन्हा उलटा केला.

“कुंदाताई,” ते म्हणाले, “पंधरा अंशांच्या पाण्याची वाफ मंगळाच्या हवेला रेटून बाहेर पडेल. निर्वातात तर पडेलच. गोठायची गरजच नाही.” आणि मग एकदम, “किती मीटर आहे म्हणालात?”

मंगळवार आणि बुधवार आम्ही तिघं शिवणघरात होतो. आगाशे सर आकडेमोड करत, मी बेतत, आपा चिकटवत. पापुद्र्याच्या चपट्या पिशव्या करायच्या, एकावर एक अशा चौदा. त्यातून पाणी जाणार आणि त्यांच्या मधल्या फटींतून वाफ बाहेर पडणार.

पहिली पिशवी मी अशी काही सुबक शिवली की बघत राहावं. सरांनी पाणी भरलं आणि शिवणीतून पंचवीस बारीक कारंजी उडाली. त्यांचा शर्ट भिजला. आपा तोंडावर पदर घेऊन हसायला लागली.

“सुई लागली ना!” ती म्हणाली. “प्रत्येक टाक्याला भोक. वीस वर्षांच्या शिवणकामाचं कौतुक सांगत होतीस ना गं?”

मला हसू आणि रडू दोन्ही आलं. खरंच की! जाकिटांवरसुद्धा आम्ही शिवणीवरून पट्टी चिकटवायचो, तेवढं विसरले होते. मग सुई बाजूला ठेवली. कडा इस्त्रीनं दाबून चिकटवायच्या, सुईचं टोकसुद्धा लागू द्यायचं नाही. जन्मात पहिल्यांदा मी सुईशिवाय शिवत होते. इस्त्रीचा ताव नेमका कळायला आपाच पाहिजे. थुंकीचं बोट लावून ती सांगायची, “आता. आता नाही. आता!” आगाशे सर तापमापक घेऊन उभे राहिले होते, शेवटी त्यांनी तो खिशात ठेवला.

गुरुवारी सकाळी नवी पेटी पूर्ण निर्वातात चालवली. चालली. दुपारी मंगळाच्या हवेत, माणसाशिवाय. चालली. टाकीबाहेर मात्र ही पेटी काही कामाची नाही. इथल्या दाट हवेत वाफ तेवढी निघत नाही. तिथे आधीसारखीच बर्फाच्या पाण्याची पेटी बाहेरून जोडायची. तेवढं आम्ही समितीला आधीच सांगून ठेवलं.

शुक्रवारी सकाळी अकराला समिती आली. पाच माणसं, सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं. मी मृण्मयीला बंडी घातली. तीच बंडी, त्याच खांद्याची, एक टाका न बदललेली.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “या वेळी भट्टी नाही ना?”

“नाही गं बाई.”

“नक्की?”

“तुझ्यासाठी मी सुई खाली ठेवलीय. अजून काय पाहिजे?” मी तिच्या गालाला हात लावला. त्या क्षणी शिवणघर, समिती, अहवाल काही डोक्यात नव्हतं. ही पोरगी माझ्या शब्दावर आत चालली होती, एवढंच होतं.

दार बंद होण्याआधी आगाशे सर आत वाकले आणि पट्ट्याच्या मागे परात ठेवून आले. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, “ते काय आहे?” सर म्हणाले, “उपकरण.”

मृण्मयी चालायला लागली. पाच मिनिटं. दहा. पंधरा. वीस. बाविसाव्या मिनिटाला मी डोळे मिटले. उघडले तर ती चालतच होती. पट्ट्याला चढ दिला. अंगाची उष्णता आणखी वाढते चढावर. तीस. चाळीस. हर्डीकर मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या, पण बोटं दंडात रुतलेली.

एकावन्नाव्या मिनिटाला कर्ण्यातून मृण्मयीचा आवाज आला. “टाकीतून बोलतेय. थोडी अडचण आहे.”

आगाशे सरांनी ध्वनिक्षेपक ओढला. “बोल, बोल मृण्मयी. काय होतंय?”

“सर, थंडी वाजतेय. थोडं कमी करा ना. दात कडकड वाजतायत.”

एक क्षण कोणाला कळलंच नाही. मग हर्डीकर मॅडम हसायला लागल्या, मोठ्यांदा, कधी नव्हे अशा. आपा दारात उभी होती तिनं तिथूनच टाळी वाजवली, समितीबिमितीची पर्वा न करता. मी भिंतीला पाठ लावून खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. लाजबीज काही वाटली नाही. आगाशे सरांनी बाहेरच्या बटणानं पाण्याची झडप थोडी मिटवली आणि मृण्मयीनं उरलेली नऊ मिनिटं मजेत, चढावर, कसलंसं गाणं गुणगुणत चालून दाखवली.

तास संपला. दार उघडलं. ती बाहेर आली तीच मुळी “स्वेटर द्या कोणीतरी” म्हणत. आपानं तिच्या खांद्यावर स्वतःची शाल टाकली.

समितीच्या अध्यक्षबाईंनी अहवाल मागितला. “आधीच्या वेळी बिघाड झाला होता ना? कारण काय होतं?”

आगाशे सरांनी तोच तक्ता पुढे केला. त्यांनी ‘शिवणकाम’ पुसलं नव्हतं. ते वाचून दाखवायला लागले, तशी माझी मान खाली गेली.

“बिघाडाचे कारण,” ते म्हणाले, “माझी पाटी. ती इथे चालत नव्हती आणि मी ते बघायला तयार नव्हतो.” त्यांनी खालच्या रकान्यावर बोट ठेवलं. ‘शिवणकाम’ या शब्दावरून बाण काढून तो त्यांनी तिथे नेला होता. “आणि बिघाडावरचा उपाय, शिवणकाम. श्रीमती तायडे आणि श्रीमती शकिला.”

“ही पेटी शिवली आहे?” अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं.

“सुई न लावता,” आपा दारातून म्हणाली.

आता या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. त्या शिवणघरात आता अकरा जणी बसतात, आणि नवी मुलगी आली की आगाशे सर, निवृत्त झाले तरी, काठी टेकत येऊन तिला उलटा पेला करून दाखवतात. दरवेळी माझ्याकडे बघून विचारतात, “बरोबर सांगतोय ना?” मी म्हणते, “ताटली आधी गार करा, सर.”

पण त्या शुक्रवारी सगळे चहाला गेल्यावर टाकीत आम्ही दोघंच होतो. मी चादर अंथरायला गेले. सवयीनं खांद्यावरचं फडकं काढलं. आगाशे सरांनी मागून परात उचलली, उजेडाकडे तिरकी धरली, तळावरून हात फिरवला आणि तळवा मला दाखवला.

“ठेवा ते फडकं,” ते म्हणाले. “पुसायला काही नाही.”